मानसशास्त्राची दुसरी तुकडी

माधुरी पाताडे बेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात निघाल्या तेव्हा कांजूरमार्गच्या चाळीतल्या अर्ध्या लोकांनी तोंडावर कौतुक केलं आणि उरलेल्यांनी पाठीमागे नाकं मुरडली. बाईंनी दोन्हीकडे काणाडोळा केला. अठरा वर्षं त्या अंगणवाडी सेविका होत्या. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी झाल्या त्या एकाच हट्टापायी, मानसशास्त्र शिकायचं म्हणून. गप्प बसणारी, हाक मारली तरी दचकणारी पोरं त्या रोज बघत, आणि नुसता खाऊ देऊन त्यांचं भागत नाही हे त्यांना केव्हाच कळलं होतं.

मुलुंडच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. विषय मात्र ऑनलाइन निवडायचे होते. मानसशास्त्राच्या जागा साठच, आणि जो आधी येईल त्याची. पहिल्या वर्षी हुकला की तो विषय पदवीला मिळणारच नाही. नोंदणी शुक्रवारी साडेदहाला उघडणार म्हणून बाई सव्वादहापासून मोबाइल धरून बसल्या. तेवढ्यात सासूबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. साडेदहा ते बारा राहुकाळ होता.

"राहुकाळ सरांदे गो, मगे दाब."

सासूबाईंना कशाला बोल लावा? गॅसचा नवा सिलिंडरसुद्धा माधुरीबाई राहुकाळ टाळून लावत. बारा वाजून एक मिनिटाने त्यांनी देवाला हात जोडून बटण दाबलं. सगळ्या जागा भरल्या होत्या. बाईंना स्वतःचाच भयंकर राग आला.

सोमवारी त्या कॉलेजात गेल्या. खिडकीतल्या क्लार्कने मान वर न करता इतिहास घ्यायला सांगितलं, सोपा असतो म्हणे. पण बाईंचा जन्म सरकारी परिपत्रकं वाचण्यात गेलेला. फलकावर चार कागदांखाली दडलेली सूचना त्यांनी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. विषय न मिळालेल्या वीस विद्यार्थ्यांनी बुधवारपर्यंत एकत्र अर्ज केला तर दुसरी तुकडी काढता येईल, असं तिथे लिहिलं होतं.

वीस माणसं जमवणं म्हणजे बाईंच्या हातचा मळ. पोलिओच्या डोससाठी त्यांनी दारोदार फिरून अख्खी वस्ती गोळा केली होती. खिडकीपाशी रडवेली उभी असलेली ऋतिका पहिली सापडली. मग दोघींनी कॅन्टीन, जिने, झेरॉक्सचं दुकान पालथं घातलं. मंगळवारी संध्याकाळी यादीत तेवीस सह्या होत्या.

बुधवारी विभागप्रमुख देवव्रत सरांनी अर्ज वाचला. अर्ज चोख आहे, म्हणाले, पण तो विद्यार्थ्यांनी आणायचा असतो, पालकांनी नाही. बाईंचे कान तापले, आवाज मात्र शांत राहिला.

"पहिलं नाव माझंच आहे, सर."

सरांनी यादी पुन्हा पाहिली. खुर्चीतून उठून त्यांनी बाईंची माफी मागितली आणि अर्जावर सही केली. जिना उतरताना बाई ढसाढसा रडल्या आणि त्याची त्यांना जराही लाज वाटली नाही.

अठरा वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या लेकरांची हजेरी घेतली होती. पुढच्या सोमवारी दुसऱ्या तुकडीच्या पहिल्या तासाला सरांनी पहिलं नाव पुकारलं, आणि माधुरी पाताडे "हजर" अशा काही म्हणाल्या की शेजारच्या वर्गालाही ऐकू गेलं.