मुनीरचाचांची नजर

काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवण्याआधी मुनीरचाचा तोंडातली सुपारी थुंकून चूळ भरून यायचे. "समोर बाईमाणूस असतं," म्हणायचे. भोरमधल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये ते तंत्रज्ञ, मी नोंदी ठेवणारी. वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायकांची गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी व्हायची, ते नमुने आमच्याकडे यायचे.

दोन हजार चारच्या सुमारास पुण्याहून इंजिनिअरिंगची मुलं कॉम्प्युटर घेऊन आली. त्याला कॅन्सरच्या पेशी ओळखायला शिकवायचं होतं. चाचा पडद्यावरच्या फोटोत वाईट पेशींभोवती माउसनं गोल काढत बसायचे. "रांगतंय अजून. शिकंल हळूहळू."

त्यातल्याच एका वस्तीवरच्या हिराबाईचा नमुना कॉम्प्युटरनं चांगला ठरवला आणि त्या मुलांनी उत्साहात तिच्या नवऱ्याला तसं सांगूनही टाकलं. चाचांनी दोनदा पाहिला, डॉक्टरांना दाखवला. कॅन्सर होता.

रिपोर्ट न्यायला नवरा तिला घेऊनच आला. मी सांगितलं, तशी त्यानं तिथंच तिच्या थोबाडीत मारली. "कुणाचा रोग आणलास?" ती पडली तर पोटात लाथ घातली, केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. चाचा मधे घुसले.

"कॉम्प्युटर चांगलं म्हणतोय आन् तू वाईट लिवतोस? फाड त्यो कागद," नवरा त्यांच्यावर ओरडला.

"त्याला म्याच शिकवलंय," चाचा म्हणाले. "त्याचं चुकलं म्हंजी माझं चुकलं. कागद फाटणार न्हाई."

नवऱ्यानं लोखंडी स्टूल उचलून त्यांच्या तोंडावर घातलं. पहिल्या घावात भुवई फाटली, दुसरा डोळ्यावर बसला. शेजारच्या दुकानातले धावत आले, त्यांनी त्याला आडवा पाडून धरलं. चाचा रक्तात चाचपडत रिपोर्ट शोधत होते. सापडला तसा हिराबाईच्या हातात दिला. "पुण्याला जा. आजच."

मीच तिला एसटीनं घेऊन गेले. ऑपरेशन झालं, ती वाचली. चाचांचा उजवा डोळा मात्र गेला. महिन्याभरानं ते परत आले आणि डाव्या डोळ्यानं तिच्याच नमुन्यावर गोल काढत बसले.

नवऱ्यावरची मारहाणीची केस कोर्टात उभी राहायच्या आधी तिच्या सासरची चार माणसं मिटवायला चाचांच्या घरी आली. मी आणि हिराबाई तिथंच होतो.

"माझ्या डोळ्याचं म्या सोडून दीन," चाचा म्हणाले. "पर आदी मार तिनं खाल्लाय. तिला इचारा."

बाईमाणसाला काय विचारायचं, अशा चेहऱ्यानं ती माणसं तिच्याकडे वळली. तिनं पदर नीट केला.

"न्हाई," ती म्हणाली.