खाऱ्या विहिरीतले दगड

शालू गेली.

आज दुपारी तिच्या मुलीचा फोन आला. "मावशी, आई गेली." एवढंच बोलली. मी "हो" म्हणाले आणि पिशवी भरायला घेतली.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती झूलॉजीच्या मॅडम म्हणून माहीत आहे. मला ती बुलढाण्याच्या कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर बसणारी, धामणगाव बढ्याची शालू म्हणून माहीत आहे.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. दुष्काळाचं साल. आम्ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला.

आमच्या सरांच्या डोक्यात आलं, सायन्स एक्झिबिशनमध्ये समुद्र दाखवायचा. काचेच्या टाकीत, जिवंत. त्यांचा मुंबईचा मित्र समुद्राचं पाणी, पट्टेवाले छोटे मासे आणि एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्रातला प्राणी, घेऊन येणार होता. मलकापूरपर्यंत रेल्वे, पुढे बस.

"पण खडकाचं काय?" सर म्हणाले. "प्रवाळाचा खडक इतक्या लांब आणला तर त्यावरचे जीव वाटेतच मरून सडतील."

शालू उभी राहिली. "मी बनवतो, सर."

वर्ग हसला. आमच्यापैकी कोणीच समुद्र पाहिला नव्हता. तिनेही नाही.

सर हसले नाहीत. घरी तिचं लग्न ठरवायचं चाललंय हे त्यांना माहीत होतं. "हे जमवलंस तर नागपूरला एम.एस्सी.साठी मी स्वतः तुझ्या वडिलांशी बोलतो," म्हणाले.

म्हणजे सगळं त्या दगडावर आलं.

नळगंगेच्या कोरड्या पात्रातून आम्ही शिंपले गोळा केले. खलबत्त्यात कुटले. त्यात सिमेंट आणि जाडं मीठ. ओल्या वाळूत खड्डे करून त्यात ओतलं.

"मीठ कशाला?" मी विचारलं.

"मीठ पान्यात विरघळते, तिथं भोकं राह्यतात. माशाले लपाले जागा पाह्यजे ना वं!"

पहिला दगड बादलीत टाकला. सोबत नदीच्या उरल्यासुरल्या डबक्यातला एक मासा. दुपारपर्यंत मासा उलटा तरंगत होता.

सिमेंटमधला चुना. तो निघून जायला दगड कित्येक आठवडे पाण्यात हवा. रोज नवं पाणी हवं.

आणि गावात घागरीसाठी रांगा. हॉस्टेलला प्रत्येकीला दिवसाला एक बादली.

"लोकं पान्यासाठी भांडून राह्यले, अन् आपन दगड धुवाचे? मले नाही जमत," शालू म्हणाली. दोन दिवस ती नीट जेवली नाही.

मग मला आत्याच्या शेतातली विहीर आठवली. खारपाणपट्ट्यातली. पाणी इतकं खारं की ढोरंसुद्धा तोंड लावत नसत. आत्या हो म्हणाली. पोत्यात बांधून दगड दोराने आत सोडले.

दर रविवारी आम्ही बसने जायचो. दगड वर काढायचा, टवका फोडून परीक्षानळीत घालायचा, वर लॅबमधल्या औषधाचा थेंब. चुना असेल तर गुलाबी.

दर रविवारी गुलाबी.

एक्झिबिशन जवळ येत होतं. उद्घाटनाला कलेक्टर येणार होते. शालू बसमध्ये नखं खात बसायची.

अशाच एका रविवारी शेजारच्या शेतातला माणूस आला. तिच्याकडे बघत मला विचारलं, "हे कोनाची पोरगी?"

शालूनेच सांगितलं. नाव, आडनाव, गाव.

आडनाव ऐकताच तो दोन पावलं मागे सरकला. गेला. परत आला तेव्हा सोबत चौघं होते.

"दगडं काढा. विहीर खराब होऊन राह्यली."

ढोर पीत नाही ती विहीर. काय खराब होतंय ते तिथे सगळ्यांना कळत होतं. आत्या बांधावर पदर तोंडाला लावून उभी.

शालूने एका हातात दोर धरून ठेवला. दुसऱ्या हाताने पर्समधून पेन काढून माझ्या हातात दिलं.

"लिही. सरकारी काम आहे हे. कलेक्टरसाहेब पाहाले येनार आहेत. दगडाले काही झालं तर मले नावं द्या लागतीन. हं, तुमचं नाव सांगा. पूर्ण."

साहेब येणार एवढंच खरं. बाकी थाप.

तो बाकीच्यांकडे पाहायला लागला. "आमी काय बोललो तुले?" म्हणाला. हळूहळू पांगले.

बसमध्ये तिने पेन परत घेऊन पर्समध्ये ठेवलं. "त्यानं नाव सांगतलं असतं तर आपन काय केलं असतं वं?"

तो आठवडा आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. दोर कापला तर? दगड फोडले तर? पुढच्या रविवारी ती बांधावरच थांबली. "तू पाह्य. माह्यानं होत नाही."

दोर होता. आत्या रोज येऊन बघून जात होती.

त्याच दिवशी आत्याने आम्हाला चहा दिला, आणि शालूचा कप वेगळा विसळला. दोन्ही खरं आहे. शालूने दोन्ही पाहिलं.

त्या दिवशी थेंब गुलाबी झाला नाही. तिने आणखी टाकले. नाहीच.

एक्झिबिशनच्या सकाळी दगड टाकीत मांडून मासे सोडले, ते थेट दगडाखाली गेले आणि दिसेनात. बाहेर कलेक्टरांची जीप आलेली. सर घाम पुसत होते. शालू काचेला नाक लावून बसली होती.

मग एका भोकातून तोंड बाहेर आलं. मग दुसऱ्या. दुपारी समुद्रफूलही उमललं.

खेड्यांतून माणसं बघायला आली. एक म्हातारी म्हणाली, "येवढं पानी, अन् पेता येत नाही?"

"नाही वं माय," शालू म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

सर शब्दाला जागले. शालू नागपूरला गेली, शिकली, आयुष्यभर शिकवत राहिली.

हे मी बसमध्ये लिहितेय. उद्या सकाळी तिला निरोप आहे.

शालू, शेवटचा जयभीम.