डॅशबोर्डवरचा आंजनेय

गाडी विकत घ्यायला सेतुमाधवरावांना सोबत नेलं, की ते आधी ना चाकांकडे बघत, ना इंजिनाकडे. पुढचं डावीकडचं दार उघडून आत बसत, डोळे मिटत आणि कपाळ कशाला तरी टेकेपर्यंत हळूहळू पुढे वाकत जात. माउंट रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या दलालांना वाटे, हा गृहस्थ गाडीला नमस्कारच करतोय. मग राव डोळे उघडत, कपाळ टेकलं त्या जागेवरून तळवा फिरवत, आणि तिथे एखादी खुंटी किंवा पत्र्याची धार हाताला लागली की म्हणत, "ही नक्को. दुसरी दाखव." दलाल त्यांच्यावर खार खाऊन असत.

मद्रासला मैलापुरात आम्ही त्यांच्या घराच्या माडीवर भाड्याने राहत होतो. राव तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तिकडचेच. आमच्या साताऱ्याच्या कानांना त्यांची मराठी आधी नीट उमजत नसे. 'अस्के' म्हणजे सगळे, हे कळायलाच मला काही दिवस लागले. एका विमा कंपनीसाठी अपघातात मोडलेल्या गाड्या तपासून नुकसान ठरवायचं, हे त्यांचं काम. दिवसभर चेपलेले पत्रे आणि सीटवरचं वाळलेलं रक्त बघून आलेला माणूस संध्याकाळी ओसरीवर निवांत कॉफी पितो, याचा मला सुरुवातीला चक्क राग यायचा.

आमच्या यांनी गाडी घ्यायचं काढलं तेव्हा रावांची खरी ओळख झाली. हे एका हिरव्या गाडीच्या रंगावर भाळले होते. राव म्हणाले, "चालते कशी ते विकणारा दाखवील, सर. अस्क्या गाड्या चालतात. थांबते कशी ते तुम्ही पाहा." समुद्राकाठच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी जोरात ब्रेक दाबायला लावला. गाडी सरळ न थांबता डावीकडे ओढली गेली, आणि हिरवा रंग तिथेच बाद झाला. दुसऱ्या गाडीच्या दारांना मागच्या बाजूने बिजागऱ्या होत्या. "कडी सुटली तर वाराच दार उघडील, अन् अम्मा रस्त्यावर," माझ्याकडे बोट दाखवून ते शांतपणे म्हणाले. तिसरीच्या काचेवर नाक टेकवून कोपऱ्यातला शिक्का शोधत बसले. "काच फुटली तर साखर झाली पाहिजे. सुऱ्या नक्को."

हे वैतागले. "राव, आम्ही गाडी घेतोय की मरायची तयारी करतोय?"

"घेणारा मरण पाहत नाही, सर. म्हणून मी पाहतों."

शेवटी त्यांना पसंत पडलेली एक काळी, दिसायला अगदीच सुमार गाडी घरी आली. चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकू लावलं, आणि मी आमचा पितळी गणपती डॅशबोर्डवर बसवायला बाहेर आणला. मद्रासमध्ये ज्याच्या त्याच्या गाडीत देव असे. राव पुढे आले आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. एरवी असं त्यांनी कधीच केलं नसतं. "अम्मा, तेथे नक्को," म्हणाले, आणि त्यांच्या बायकोची, कावेरीबाईंची गोष्ट त्यांनी मला पहिल्यांदा सांगितली.

त्यांनी स्वतःसाठी गाडी घेतली होती ती अशीच पारखून. ब्रेक तर पुन्हा नव्याने करून घेतले होते. कावेरीबाईंनी देव्हाऱ्यातला पितळी आंजनेय, म्हणजे आपला मारुती, गाडीसाठी दिला, तंजावरहून आलेला, गदा उगारलेला. देव डुगडुगणं बरं नव्हे म्हणून रावांनी स्वतः भोकं पाडून तो स्क्रूंनी घट्ट आवळला. आपल्यासमोर ठेवला तर रस्ता दिसत नाही, म्हणून बायकोसमोर. अड्यारच्या पुलाजवळ एक दूधवाला सायकल घेऊन अचानक आडवा आला. रावांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी, एका रेषेत थांबली. दूधवाल्याला साधा धक्काही लागला नाही. त्याने डॅशबोर्डवरचा देव बघून हात जोडले, आणि मग त्याची नजर कावेरीबाईंकडे गेली. गदा त्यांच्या कानशिलात रुतली होती. हॉस्पिटलात नेईपर्यंत त्या गेल्या.

"मी गाडी तपासली, अम्मा. एक ओरखडा नव्हता," राव म्हणाले.

तोच आंजनेय त्यांच्या देव्हाऱ्यात परत आला होता. दर शनिवारी राव त्याला उडदाच्या वड्यांची माळ घालत. मला ते सहन होईना, आणि मी माझ्या फटकळ स्वभावाप्रमाणे विचारून बसले, की तुमचा हात तरी कसा धजतो? ते म्हणाले, "देवाचं काय चुकलं? मी बसवलों तेथे तो बसला." मी गणपती घरात नेला.

पुढे त्यांच्या मुलाने, वासूने, नुंगंबाक्कमला बिऱ्हाड केलं आणि सासऱ्यांनी त्याला गाडी दिली. त्याची बायको विमला तेव्हा गरोदर होती. सासऱ्यांनी गाडीसोबत पितळी मुरुगन दिला, वेल उभारलेला. मुरुगन म्हणजे कार्तिकस्वामी, आणि वेल म्हणजे त्याचा भाला. तो विमलेच्या बाजूला पक्का बसवून पूजाही झाली. राव मुलाच्या अक्षरशः पाया पडले. वासू म्हणाला, "अप्पा, अम्मांचं जे झालं ते झालं. त्यासाठी आम्ही देव टाकायचा काय?" पुढच्या रविवारी भर दुपारी, सगळी मंडळी जेवायला बसली असताना, राव गाडीपाशी गेले आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हरने मुरुगन काढून, पंच्यात गुंडाळून व्याह्यांच्या पानासमोर आणून ठेवला.

प्रतिष्ठा केलेला देव उपटला! व्याह्यांनी त्यांना तिथेच हाताला धरून बाहेर काढलं, आणि वासू मान खाली घालून बसून राहिला. पुन्हा बसवायचा तर शांत करायला हवी, मुहूर्त हवा, असं शास्त्र्यांनी सांगितलं, म्हणून देव तेवढ्यापुरता घरात राहिला.

मुहूर्त यायच्या आधीच वासूच्या गाडीपुढे म्हैस आली. त्याने कचकन ब्रेक दाबला आणि विमलेचं डोकं डॅशबोर्डवर, मुरुगन होता तिथेच आपटलं. कपाळाला टेंगूळ आलं, बाकी काही नाही. पण घरात एकच ओरड झाली, की देव काढला म्हणून हे संकट आलं. म्हातारा अपशकुनी आहे, आधी बायको खाल्ली, आता सुनेवर टपलाय. हे शब्द व्याह्यांनी आमच्या दारात उभं राहून रावांना ऐकवले. मी माडीच्या जिन्यावर होते. माझं डोकं फिरलं, मी तरातरा खाली उतरले. राव मला हातानेच थांबवत होते.

"कोठे लागलं?" त्यांनी विचारलं.

"कपाळाला! टेंगूळ आलंय, येऊन बघवत नाही का?"

"टेंगूळच?"

"मग काय मरायला हवी होती?"

राव मटकन पायरीवर बसले आणि हुंदके देऊन रडू लागले. बायको गेल्यावरही हा माणूस रडला नव्हता, असं गल्ली सांगत असे. व्याह्यांना वाटलं, म्हाताऱ्याला पश्चात्ताप झाला. ते जरा नरमून निघून गेले. मी चिडून म्हणाले, "अहो, खरं काय ते सांगितलं का नाही त्यांना?" ते पंच्याने तोंड पुसत म्हणाले, "ते रागात आहेत, अम्मा. रागात असतील तर मी शिवलेल्या जागी ते पुन्हा देव बसवणार नाहीत. असू द्या राग."

आणि तसंच झालं. ती जागा विटाळली म्हणून मुरुगन गाडीत कधीच परत गेला नाही, आणि रावांना त्या घरात पाऊल टाकता आलं नाही. विमलेला मुलगी झाली, तिचं नाव कावेरी ठेवलं. ते आम्हांला शेजाऱ्यांकडून कळलं. राव दोन पावसाळ्यांनी गेले, नात न बघता. मला आजही त्या माणसांचा संताप येतो. दहाव्याला विमला मुलीला कडेवर घेऊन आली होती. पिंडापाशी नेऊ नका, अपशकुन होईल, असं कुणीतरी म्हणालं, म्हणून ती बाहेर गाडीतच बसून राहिली, पुढच्या डाव्या सीटवर, मुलीला मांडीवर घेऊन.