झालरीचा टोमॅटो

टोमॅटो मी खाल्ला, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगितलं तर वाटेल, लपवत होता. आणि लपवायला तिथे काही उरलंही नव्हतं.

झालं असं, की वरच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यातून हाक मारली, "ए खालच्या! वर ये. ये वर. चव बघायचीय." मी त्यांच्या थेट खालच्या घरात राहतो, म्हणून मी 'खालचा'. वर गेलो तर दार सताड उघडं आणि काका गच्चीवर. "बस, आलोच! आलोच, बस!" असा वरून आवाज. स्वयंपाकघरात टेबलावर ताट, ताटात तीन टोमॅटो. काय त्यांचा थाट! अंगभर खोल खोल चुण्या, कडेला झालर, जणू तीन छोट्या मुली फ्रॉकचा घेर पसरून बसल्यात. आणि तिकडे खिडकीच्या कट्ट्यावर एकटाच एक, देठ खाली करून उपडा ठेवलेला. वाकडा, खांद्याला भेगा, झालर म्हणावी तर ओढूनताणून दोन-चार चुण्या.

मी पडलो भिडस्त. दुसऱ्याच्या घरी चांगल्यातलं उचलू नये, असं आईने कानीकपाळी ओरडून शिकवलेलं. ताटातले कुणाकडे तरी द्यायचे असतील, हा गरीब आपल्यासाठी, असा समजूतदार विचार करून मी त्याला उचलला, मीठ लावलं आणि बेसिनवर वाकून खाल्ला.

आणि काय सांगू! आधी आंबट, मग गोड, आणि गिळून झाल्यावर मागून आणखी काहीतरी आलं, ज्याला मला अजून नाव सापडलेलं नाही. मी डोळे मिटून उभा राहिलो. रस कोपरापर्यंत ओघळला. मग शहाण्यासारखा नळ सोडून हात धुतले, तोंड धुतलं, बेसिनही धुतलं. चिमटीत देठ तेवढा राहिला होता. तो टाकायला गेलो, तर त्याला लाल लोकरीचा धागा.

आमच्या इमारतीत लाल लोकर म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. काका गच्चीवर टोमॅटो लावतात आणि ज्या फळाचं बी पुढच्या वर्षासाठी धरायचं, त्याच्या देठाला लाल लोकर बांधतात. लोकर काकूंच्या अर्धवट राहिलेल्या स्वेटरची. धागा असलेल्या फळाला हात लावायचा नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा लावला होता. त्यांनी घर बदलून सामान टेम्पोत चढवलं, तरी काका त्यांच्याशी बोलले नव्हते.

पण वहिनींनी तोडला तो साधा. मी खाल्ला तो साधा नव्हता. तो का, ते कळायला काका कळायला हवेत.

काकांना सगळे पाठीमागे 'डबलकोट' म्हणतात. आयुष्यभर त्यांनी लोखंडी कपाटांना रंग मारला. बंद खोलीत टांगलेलं कपाट, हातात फवाऱ्याचं पिस्तूल, नाकातोंडावर रुमाल. संध्याकाळी रुमाल कुठल्या रंगाचा होऊन आलाय, त्यावरून काकूंना कळायचं की कारखान्यात आज कोणाची कपाटं आहेत. मालक म्हणायचा, मागच्या बाजूला एक हात पुरे, ती भिंतीला लागते. काका मागच्या बाजूलाही दोन हात द्यायचे. ती सवय तोंडालाही लागली. प्रत्येक गोष्ट दोनदा. "चहा घे. घे चहा." पहिल्यांदा बोललेलं नीट बसलं नसेल, अशी शंका असल्यासारखं.

या धंद्यात त्यांचं नाक गेलं. एकदम नाही गेलं. आधी साबणाचा वास यायचा थांबला, मग दूध करपल्याचा, शेवटी रंगाचासुद्धा. नाकामागोमाग जीभ गेली. खारट, आंबट, गोड, तिखट एवढं ढोबळ कळायचं, त्यापलीकडे सगळं सारखं. हे फक्त काकूंना ठाऊक होतं. बाहेर काका कुणाच्याही घरी जेवून "वा, वा" म्हणायचे, तेही दोनदा, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

नोकरी सुटल्यावर गच्चीवर टोमॅटो आले. बी काकूंनी माहेरून रुमालाच्या टोकाला बांधून आणलेलं. जुनं वाण. अंगाला बेताच्या चुण्या, आणि चव म्हणाल तर काकू सांगायच्या, त्यांच्या माहेरी लोक जेवायला बसण्याआधीच अर्धी टोपली संपवायचे. पहिलं फळ पिकलं आणि काका त्याच्याकडे बघतच राहिले. जिभेचं सुख गेलेल्या माणसाला डोळ्यांचं काहीतरी मिळालं. त्यांनी त्या हंगामात सगळ्यांत जास्त चुण्यांचं फळ निवडलं, धागा बांधला, गर वाटीत घालून आंबवला, बी धुऊन कागदावर वाळवलं. पुढच्या वर्षी त्या झाडांतून आणखी चुण्यांचं. असं वर्षानुवर्षं.

बरं, माणूस वेडा नव्हता. "नुसती झालर काय चाटायचीय? चव पाहिजे रे. चव पाहिजे." म्हणून दरवर्षी धागा बांधण्याआधी प्रत्येक झाडाचं एकेक फळ कापून ताट काकूंसमोर जायचं. जीभ काकूंची, निवड काकांची.

सुरुवातीला काकू खरं सांगायच्या. "याचं साल जाड आहे. हा आतून पोकळ. हा तर नुसतं पाणी आहे पाणी. तो भेगाळलेला बघा, त्याला धागा बांधा."

"तो? तो कुबडा?"

"मग मला कशाला विचारता?"

झालं! अबोला. काका गच्चीवर झाडांशी तासन् तास बोलायचे, खाली आले की तोंडाला कुलूप. जेवताना मीठ कमी पडलं तर ताट बाजूला सारायचे, पण मीठ मागायचे नाहीत. काकूंनी हे दोन-तीन हंगाम काढले. मग एका वर्षी ताट समोर आलं तेव्हा त्या शेगडीपाशी उभ्या होत्या. तिथूनच, मागे न वळता म्हणाल्या,

"छान आहे."

"कुठला? कुठला छान?"

"सगळेच."

"सगळेच? सगळेच छान?"

"हो. सगळेच छान."

घरात शांतता झाली. ती पुढे कायम टिकली. दरवर्षी ताट, दरवर्षी छान. आणि गच्चीवरचे टोमॅटो दरवर्षी जास्त जास्त नटत गेले आणि आतून रिकामे होत गेले. शेवटी शेवटी तर कापला की आत खोलीच असायची, भाड्याने द्यावी अशी. काका घरोघर वाटायला यायचे, "खा. खाऊन सांग." आम्ही त्यात साखर, कांदा, मिरपूड, हाताला लागेल ते घालून त्याला टोमॅटोपणावर आणायचो आणि जिन्यात भेट झाली की म्हणायचो, "छान होते हं, काका!" अख्खी इमारत एका सुरात.

काकू मागच्या थंडीत गेल्या.

हंगाम आला तेव्हा मुलगी चार दिवस राहायला आली होती. मीही चहाला वर होतो. काकांनी कापलेलं ताट तिच्यापुढे ठेवलं. काकूंची जागा आता ती घेईल, अशी त्यांची अपेक्षा असावी. तिने एक फोड तोंडात टाकली आणि चावता चावता थांबली.

"बाबा, हे काय आहे?"

"टोमॅटो. टोमॅटो आहे."

"हे पाणी आहे. सालात बांधलेलं पाणी."

"छान म्हणायची. तुझी आई तर छान म्हणायची."

"काय म्हणणार ती? खरं बोललं की तुम्ही तोंड फुगवून बसायचात. दादा, तुम्ही सांगा ना. तुम्ही खाता ना दरवर्षी?"

मी कपातला चहा ढवळायला घेतला. साखर केव्हाच विरघळली होती.

काकांनी ताट आपल्याकडे ओढून घेतलं. मग त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला. "मग ती काय खायची? इतकी वर्षं ती स्वतः काय खायची?"

मुलीने मागच्या दाराकडे बोट केलं. तिथे सांडपाण्याच्या नळाशेजारी तेलाचा एक गंजका डबा आणि त्यात टोमॅटोचं एक झाड. अर्धं सुकलेलं, कारण काकू गेल्यापासून त्याला पाणी घालायचं कुणाला सुचलं नव्हतं. काकूंच्या माहेरचं मूळ वाण. कागद नाही, वाटी नाही, धागा नाही. एक चांगलं फळ त्या डब्यातच कुस्करायच्या आणि पुढचं झाड आपलं आपण यायचं. काका त्याला 'कुबड्यांचा डबा' म्हणायचे आणि त्यावर हात पुसायचे.

"कधी बोलली नाही," काका म्हणाले. "मला कधी बोलली नाही."

"विचारलंत का कधी, तू काय खातेस?"

मुलगी गेली आणि काका त्या डब्याच्या मागे लागले. आता इथे दुसरा कुणी असता तर त्याने पाणी घातलं असतं आणि गप्प बसला असता. पण हे डबलकोट. गंजक्या डब्यात तिचं झाड कसं ठेवायचं? त्यांनी झाड उपटलं, जुनी माती कचऱ्याच्या ढिगावर ओतून आले, डबा घासला आणि त्याला हिरवा रंग मारला. दोन हात. आतूनसुद्धा. वास त्यांना येणार नव्हताच. रंग पुरता सुकायच्या आत नवी माती भरून झाड परत लावलं. झाडाने मान टाकली. ज्या मातीत काकूंनी कुस्करलेल्या फळाचं बी होतं, ती महापालिकेच्या गाडीत गेली, हे त्यांच्या लक्षात आलं तोवर गाडी गेलेली. पानं गळाली, फुलं गळाली, उरलं ते एक हिरवं फळ.

त्याला त्यांनी धागा बांधला. त्या दिवसापासून जिन्यात मला अडवून एकच विषय. "याचं बी धरायचं. तिची चव आणि माझी झालर, दोन्ही एका फळात आणायचं. वर्षं लागतील. लागू देत. पण मला जीभ पाहिजे रे. तू खरं सांगशील ना? खरं सांग हं. छान म्हणू नकोस." मी छातीवर हात ठेवून कबूल केलं. फळ मी तेव्हा पाहिलं होतं, पण हिरवं, पानांत दडलेलं. ते पिकलंय आणि पाखरांच्या भीतीने काकांनी सकाळीच तोडून खिडकीत ठेवलंय, हे मला कुठून माहीत असणार?

तर असा मी देठ चिमटीत धरून उभा, आणि काका जिना उतरून आले. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात काचेची वाटी. गर या वाटीत आणि एक फोड माझ्या तोंडात, असा सगळा बेत होता. त्यासाठीच मला हाक मारली होती.

त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं. मग फळ घरंगळलं असेल म्हणून वाकून टेबलाखाली पाहिलं. गुडघे दाबत उठले आणि त्यांना माझा हात दिसला.

"काका, मला वाटलं ताटातले…"

"थांब. थांब." त्यांनी बेसिनच्या जाळीत बोट घातलं, फिरवलं, बाहेर काढलं. बोट स्वच्छ होतं. बेसिन मी मन लावून धुतलं होतं. मग त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली. "चूळ भर. यात चूळ भर. दातात अडकलं असेल एखादं." आयुष्यात मी इतक्या तळमळीने कधी चूळ भरली नव्हती. त्यांनी ते पाणी गाळणीतून गाळलं, गाळणी उजेडात धरली. सालाची एक चिंधी निघाली. बी एकही नाही.

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी देठावरून धागा सोडवला, बोटाला गुंडाळला आणि खुर्चीत बसले. ताटातले तिघे आपापले घेर सावरून मख्ख.

"कसा होता? सांग, कसा होता?" त्यांनी विचारलं.

आता जगात ही एक गोष्ट फक्त मला माहीत होती. शब्द शोधायला गेलो आणि लक्षात आलं, की या घरात त्यासाठीचा एकच शब्द आहे आणि तो वापरून वापरून पार झिजलाय. दुसरा सापडेना. त्यांच्या गुडघ्याला हात लावून, पोटातून, अगदी खरं खरं म्हणालो, "काका, शप्पथ सांगतो, छान होता."

काकांनी मान वर केली, आणि मी पहिल्यांदाच त्यांना एखादी गोष्ट एकदाच बोलताना ऐकलं.

"हीपण असंच म्हणायची."