पत्रे की वेल

आमच्या गल्लीत माझ्या शेजारच्या ओतारचं अंगण तेवढं बोडकं. बाकी सगळ्यांच्या अंगणात लोखंडी पाइपांचा मांडव, मांडवावर द्राक्षाची वेल आणि वेलीखाली लांबलचक टेबल. उन्हाळा लागला की माणूस घरात थांबतो कुठे? मांडवाखालीच जेवतो, मांडवाखालीच भांडतो, आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्या तिथेच बसून शेजाऱ्यांची उणीदुणी काढतात. ओतारच्या अंगणात गवत, एक खुर्ची आणि ऊन.

पूर्वी त्याचाही होता मांडव, लाकडी. त्याची बायको एतेरी ज्या सप्टेंबरात इटलीला कामाला गेली, त्याच हिवाळ्यात ओला बर्फ पडला आणि मांडव वेलीसकट खाली बसला. वेल बुंध्यापासून फाटली. ओतारने फोनवर सांगितलं तेव्हा एतेरी म्हणाली, "असू दे. एक वर्षाचा तर प्रश्न आहे. आले की दोघं मिळून बांधू."

त्याला सहा वर्षं झाली. एतेरी बारी शहरात एका म्हातारीला न्हाऊ घालते, भरवते, रात्री तिच्या खोलीत निजते. त्या पैशांत इकडे पोरीचं शिक्षण झालं, लग्न झालं, घराचं छप्पर झालं. पण एतेरीकडे तिथे राहायचे कागद नाहीत. एकदा इकडे आली की परत जायचं दार बंद.

मी दर मार्चात माझी वेल छाटते आणि कुंपणावरून हाक मारते, "पोरा, छाटलेल्या काड्या टाकून देतेय. चार नेऊन रोव."

"मावशी, काडी रोवून सावली पडायला तीन वर्षं," ओतार म्हणायचा. "ती तर पुढच्याच वर्षी येतेय."

दर वर्षी हेच. पहिल्याच खेपेला ऐकलं असतं तर आज डोक्यावर घोस लोंबले असते. हे मी त्याला बोलून दाखवलं नसेल असं समजू नका. त्यालाही बोलले आणि गल्लीत सगळ्यांनाही बोलले. पण काडी रोवणं म्हणजे आणखी तीन वर्षं कबूल करणं, आणि तेवढं त्याच्याच्याने होईना.

माणूस तसा वाट पाहण्यात मुरलेला. साठीला आलाय, पण अजून गावातून झेस्तापोनी शहराला मिनीबस नेतो. लांब शेतात कोणी फडकं हलवलं तरी गाडी थांबवणार. आत बसलेले ओरडतात, "ओतार, ती बाई कपडे वाळत घालतेय." हा म्हणतो, "वाळत घालून येईल." एतेरीही त्याला अशीच मिळाली म्हणतात. रोज तिच्यासाठी गाडी उभी राहायची, आणि शेवटी सगळ्या उतारूंनी मिळून तिला विनवलं, की बाई, याच्याशी लग्न कर, आम्हाला वेळेवर कामाला पोचू दे.

गेल्या शरदात बातमी आली की एतेरीचे कागद होणार आणि ऑगस्टात ती महिनाभर येणार. ओतारचा चेहरा उजळला. मांडव बांधायचाच, आणि वर वेल नाही, प्लॅस्टिकचे पांढरे पत्रे. आज टाकले की आज सावली. तळघराच्या दारावर त्याने खडूने हिशेब मांडला. पाइप इतके, पत्रे इतके, सिमेंट, मजुरी, शेवटी बेरीज आमच्या चलनात, लारीत, आणि बेरजेखाली दोन रेघा. मी चष्मा लावून वाचलं. हिशेब चोख होता. फक्त त्यात कोंबड्या नव्हत्या.

आता अंदाज काढायला माणूस घरी बोलावला की तो काय नुसती मोजायची फीत लावून जाणार? दारात आलेल्याला कोरड्या तोंडाने पाठवलं तर तोंड दाखवायला जागा नाही आमच्याकडे. पहिला कारागीर आला, कोंबडा कापला, चीज भरलेली खाचापुरी भाजली, जमिनीत पुरलेल्या द्राक्षाच्या दारूच्या रांजणाचं तोंड उघडलं. शांततेच्या नावाने एक पेला, गेलेल्यांच्या नावाने एक, एतेरीच्या नावाने तर उभं राहून. फीत बाहेर निघेपर्यंत कारागिराचा हात एका जागी ठरेना. मग स्वस्त पडेल म्हणून दुसरा बोलावला, खात्री करायला तिसरा. तिघांनी एकाच अंगणाची तीन मापं सांगितली. प्रत्येकजण जाताना ओतारच्या गळ्यात पडून रडला.

"पोरा," मी म्हटलं, "तुझा मांडव आत्तापर्यंत सगळ्यांनी खाल्ला."

"मावशी, खाचापुरी तर तुम्हीच भाजलीत."

"मी चव बघायला बसले होते."

शेवटी आमच्याच गावच्या जुमबेर वेल्डरने काम घेतलं. त्याला मजुरी कमी आणि तहान जास्त. फेब्रुवारीअखेर सांगाडा उभा राहिला, आणि तोवर ओतारचं खुराडं गप्प झालं होतं, रांजण अर्ध्यावर आला होता, आणि पत्र्यांचे पैसे विकतच्या मटणात गेले होते. दारावरची बेरीज तशीच होती, दोन रेघांसकट.

"गाय विकतो," ओतार म्हणाला. "गिऱ्हाईक रविवारी येतंय."

"आणि चीज कशाचं करशील? पत्र्यांचं?"

"ऑगस्टात ती उन्हात बसणार नाही," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

शनिवारी मी मक्याच्या गरम भाकऱ्या घेऊन त्याच्याकडे गेले. भाकऱ्या निमित्त होतं, गाईचा भाव किती ठरला ते काढून घ्यायचं होतं. ओतारने फोन पाइपाला टेकवून ठेवला होता आणि पडद्यावर एतेरी दिसत होती. परक्या स्वयंपाकघरात, केस बांधलेले, हातात ताटली आणि फडकं.

"हे बघ, सांगाडा," ओतार दाखवत होता. "वर पांढरे पत्रे. इथे तुझी खुर्ची."

"एवढा उंच कशाला रे? उंट पाळणार आहेस?"

"जुमबेरने केला."

"प्यायला असेल."

"प्यायला होता."

एतेरी हसली. मग ती ताटली पुसत राहिली. ताटली केव्हाच कोरडी झाली होती, मला दिसत होतं.

"ओतार, पत्रे नको टाकूस."

"का?"

"पत्र्याखाली उकडतं. पाऊस आला की कोणाचं बोललेलं कोणाला ऐकू येत नाही."

"अगं, गाईचं गिऱ्हाईक ठरलंय."

"गाय राहू दे. वेल लाव. लामारामावशीकडच्या काड्या घे. तिची जीभ आंबट असली तरी द्राक्षं गोड आहेत."

एरवी मी तिला सोडलं नसतं. सात समुद्रांपलीकडे असली तरी दोन शब्द सुनावले असते. तेव्हा मी भाकऱ्यांवरचं फडकं नीट करत बसले.

"वेलीला तीन वर्षं लागतात, एतेरी," ओतार म्हणाला.

"माहीत आहे मला."

तिकडे आतून म्हातारी काहीतरी पुटपुटली, एतेरीने मागे वळून त्यांच्या भाषेत उत्तर दिलं आणि परत तोंड इकडे केलं.

"कागद?" ओतारने विचारलं.

"अर्ज परत आला. पुन्हा पहिल्यापासून करायचा म्हणतात. आत्ता निघाले तर सगळं गेलं."

"म्हणजे ऑगस्ट..."

तिने नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "गाईला काय घालतोस खायला?"

ओतारने सांगितलं. ती म्हणाली, नुसतं गवत नको, भरडा घालत जा. तो म्हणाला, घालतो. मग कितीतरी वेळ दोघं नवराबायको गाईबद्दलच बोलत बसले, तिच्या शिंगांबद्दल, तिच्या लाथ मारण्याबद्दल, आणि मी भाव न विचारताच घरी आले.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. ओतारने त्याला जेवू घालून परत पाठवलं. संध्याकाळी कुदळ घेऊन तो माझ्या कुंपणाशी उभा राहिला. मी सगळ्यात जुन्या वेलीच्या काड्या निवडून दिल्या, चांगले टपोरे डोळे असलेल्या. दर खांबाच्या पायथ्याशी त्याने खड्डा खणला, काडी उभी केली, माती ओढली, टाचेने दाबली. उघड्या सांगाड्याखाली त्या काड्या इतक्या बारीक दिसत होत्या की माहीत नसलेला माणूस तुडवून गेला असता.

शेवटची काडी लावून झाल्यावर तो कुदळीवर रेलून उभा राहिला.

"मावशी, तीन वर्षं म्हणजे, हे वर्ष धरून की सोडून?"

काडीचं पहिलं वर्ष मुळं धरण्यातच जातं, ते कोणी मोजत नाही. द्राक्षांच्या गावात जन्मलेल्या माणसाला हे मी काय सांगायचं.

"धरून," मी म्हटलं.