बरणीतलं करडू

चमत्काराच्या गोष्टी निघाल्या की मी उठून भांडी घासायला जाते. खरंच वाटत नाहीत मला. चार माणसांत बोलायला जीभ अडखळते, शाळाही चौथीपर्यंतच... म्हणून हे लिहूनच सांगते.

आमचं गाव वडूजजवळ. मुलगी सुवर्णा सांगलीला कॉलेजात प्राण्यांचा विषय शिकते. ती सुट्टीला आली तेव्हाच आमची काळी शेळी व्याली. एक करडू धड, दुसरं ओंजळीएवढं, बिनकेसाचं, मेलेलं. आमच्यात मेलेलं करडू आधी शेळीला चाटू देतात, मगच पुरतात. सुवर्णा मात्र ते लगेच उचलून कॉलेजात घेऊन गेली. तिथं औषधात ठेवून मांस काचेसारखं आरपार करतात, हाडं लाल रंगवतात.

इकडं शेळी जित्या करडाला लाथा मारायची. पान्हा चोरायची, त्याला दूधच सोडायची नाही. गाईचं दूध पाजलं तर करडाला हगवण लागली, उभंही राहवेना.

"पोरगी शिकली आन् शेळीचं बाळंतपण बरणीत गेलं!" सुवर्णाचे वडील म्हणायचे.

पुढच्या सुट्टीत चित्रं काढायला म्हणून सुवर्णा तीन बरण्या घेऊन आली – उंदीर, बेडूक आणि ते करडू. ओट्यावर ठेवते न ठेवते तोच शेळी दावं तोडून आली आणि करडाची बरणी चाटायला लागली. नुकत्या व्यालेल्या शेळीसारखी बारीक हुंकारत होती.

"आण्णा, काच खारट लागत आसंल तिला," सुवर्णा वडिलांकडं बघून हसली.

"मग बेडकाची का न्हाई लागत?"

सुवर्णानं घरात जाऊन तिन्ही बरण्या वेगवेगळ्या टॉवेलांत गुंडाळून बाहेर आणल्या. कुठली कुठं, मलाही कळेना. शेळी सरळ एकीपाशी गेली. टॉवेल सोडला... करडूच. पुन्हा अदलाबदल केली, पुन्हा तेच. सुवर्णाचं हसू गेलं.

"आई, झाकणाला मेण लावलंय गं. वास येणार कुठनं?"

 माझं लक्ष जित्या करडाकडं होतं. ते खुरडत शेळीखाली शिरलं, पान्हा सुटला, आणि तिनं लाथ मारली नाही.

सुवर्णा दोनच बरण्या परत घेऊन गेली; करडाची गोठ्यात शेळीपाशी ठेवली. नंतर ह्यांनी गोठ्यामागं खड्डा खणला, म्हणाले, आता रीतीनं पुरू. बरणी उचलली मात्र – शेळीनं पित्या करडाला लाथेनं उडवलं. ह्यांनी गुमान बरणी जागेवर ठेवली.

असं का, ते सुवर्णालाही सांगता येत नाही. करडू आता बागडतंय, पण अजून अंगावर पितंय. गोठ्यात शिरलं की ती लाल हाडं दिसतात आणि माझा हात शेणातच थांबतो... खड्डा तसाच उघडा आहे. बुजवायचा धीर होत नाही, आणि वापरायचाही.