अप्पांची भवानी

त्या मेलमध्ये रागाचा एकही शब्द नव्हता, म्हणूनच मी जास्त घाबरले. ‘आपल्या खात्यातील काही विक्री तपासणीखाली आहे. एकाच पत्त्यावर वारंवार खरेदी करणाऱ्या ग्राहकाशी आपला काय संबंध आहे, ते कळवावे.’ पत्ता आमच्याच घराचा होता.

माझी एक वेबसाइट आहे. मिक्सर, तवे, कुकर वापरून बघायचे आणि खरं काय ते लिहायचं. शेंगाचटणी वाटताना कुठल्या मिक्सरचा जीव जातो, असलं. लेखाखाली एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची लिंक असते. वाचणाऱ्याने तिथून जाऊन वस्तू घेतली की दुकान मला थोडं कमिशन देतं. घेणाऱ्याला रुपयाही जास्त पडत नाही. अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे अडत्याचं काम की." जन्मभर भांड्यांचं दुकान चालवलेला माणूस. छातीच्या दुखण्यापायी ते बंद करावं लागलं, तेव्हापासून घरात दुकान म्हणावं असं माझं हेच. नवऱ्याचा टॉवेल कारखान्यातला पगार आणि माझं कमिशन, यावर घर चालत होतं.

अलीकडे अप्पांच्या नावाने बारीकसारीक पार्सलं यायची. चाळणी, लायटर, उलथणं. म्हाताऱ्याला नवा नाद लागला म्हणून मी हसायचे. दुकानाचा तो मेल वाचला आणि तशीच उठून त्यांना विचारायला गेले.

"मीच घेतो की," विभूती लावता लावता ते म्हणाले. "सकाळी पयली विक्री झाल्याबिगर दुकान चालतंय व्हय? तुजी भवानी मीच करतो. तुज्याच लिंकवरनं."

खातं उघडताना मान्य केलेल्या अटींत स्पष्ट होतं: आपल्या लिंकवरून आपण किंवा घरच्यांनी खरेदी करायची नाही. दुकानाच्या लेखी ती फसवणूक, आणि शिक्षा म्हणजे खातं बंद. हे सांगितल्यावर अप्पांचा चेहरा इतका उतरला की मला मेलपेक्षा त्यांच्या छातीचीच भीती वाटायला लागली.

थोड्या वेळाने ते खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. "लिही, ह्या माणसाची वळख न्हाय म्हणून. भाडेकरू हाय म्हण."

मी तसं टाइपही केलं. ‘या ग्राहकाशी माझा काही संबंध नाही.’ वाचलं आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे बघवेना. सगळं पुसलं. ‘ते माझे सासरे आहेत. त्यांना नियम माहीत नव्हता,’ असं लिहून पाठवलं. मग मोबाइल वाजला की आम्ही दोघंही दचकायचो. अप्पांना जेवण जाईना.

उत्तर आलं तेव्हा ते दारात उभे होते, माझ्या तोंडाकडे बघत. खातं कायमचं बंद केलं होतं.

"काय म्हंत्यात?"

"सोडलं म्हणतात, अप्पा. फक्त तुम्ही काही घ्यायचं नाही."

"न्हाय घेत," ते म्हणाले आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

खरं फक्त मला आणि नवऱ्याला माहीत आहे. मी रोज सकाळी लॅपटॉप उघडून बसते. अप्पा चहाचा कप घेऊन येतात, लांबूनच विचारतात, "आलं का कोण गिऱ्हाईक?"

"आलं की," मी म्हणते, आणि ते जवळ येऊन बघतील या भीतीने लॅपटॉप थोडा माझ्याकडे वळवून घेते.